धुतलेल्या बाटल्या

बाटलीरावांनी बायकोला माफ केलं, तेही चारचौघांत, आणि तिथूनच त्या घराचं खरं बिनसलं. त्याआधी जे झालं होतं ते निदान दोघांतलं होतं.

बाटलीराव हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, नकाशे काढण्याची. शहराच्या पोटातली एकूण एक पाइपलाइन त्यांच्या हाताखालून गेलेली. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. आयुष्यात त्यांनी बिअरचा थेंब जिभेला लावला नाही. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला तर ते म्हणायचे, तुम्ही प्या, मला बाटली द्या. शेजारच्यांचा ठरलेला विनोद होता की पिणाऱ्यांच्या दहा घरांत मिळून जेवढ्या बाटल्या निघणार नाहीत तेवढ्या या सोवळ्या माणसाच्या एका खोलीत आहेत.

त्यांना हव्या असायच्या त्या जुन्या बाटल्या, ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीच्या. पाडायला काढलेल्या घरांचे माळे, बंद पडलेल्या हॉटेलांची तळघरं, भंगारवाल्यांच्या वखारी, कुठेही ते जायचे. चर खणताना मातीतूनही बाटल्या निघत, पण त्यांच्यावर लेबल नसायचं, आणि लेबल नसलेल्या बाटलीला बाटलीराव ‘नुसती काच’ म्हणायचे. त्यांचा जीव होता तो कागदात. कणसं, हरणं, मिशाळ पैलवान, सोनेरी काठ. सगळ्यात लाडकी होती ती बोटीचं चित्र असलेली. त्या बोटीचा धूर एका दिशेला जात होता आणि झेंडे दुसऱ्याच दिशेला फडकत होते. चित्रकाराची चूक लक्षात आल्यावर कारखान्यानं लेबल बदललं होतं, त्यामुळे चुकलेली बोट फार थोड्या बाटल्यांवर गेली. त्यातली एक बाटलीरावांकडे. ती ते फडक्यानं पुसत नसत. रंगाच्या मऊ ब्रशनं, श्वास रोखून, तिच्यावरची धूळ उडवत.

आता त्यांच्या बायकोबद्दल. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून चौदा वर्षं ती बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये कामाला होती. बाजारातून परत आलेल्या बाटल्या तिथे सोड्याच्या गरम पाण्यात भिजायच्या, लेबलं सुटायची, मग आतून ब्रश फिरायचा. पाणी किती गरम हवं, सोडा किती हवा, हे ती कोपर बुडवून सांगायची. तिचा हात पाण्यात गेला की मुकादम थर्मामीटर खिशात ठेवायचा. बायका तिला सोडाबाई म्हणायच्या. पुढे मशीन आलं आणि त्या सगळ्या जणी घरी बसल्या. नखांच्या कडा मात्र तिच्या कायमच्या खरखरीत राहिल्या.

बाटलीरावांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? रोज तिचा डबा भरलेला ते पाहायचे. पण कुणी विचारलं तर ‘होती कुठेतरी कारखान्यात’ एवढंच सांगायचे. छंद नवा होता तेव्हा तिनं एकदा एका बाटलीचं लेबल नखानं चाचपलं आणि म्हणाली, हे खळीनं चिकटवलेलं नाही, हाडांचा सरस आहे, म्हणजे बाटली दिसते त्याहून जुनी असणार. ते ‘हं’ म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांचे मित्र चष्मेवाले आले, तेव्हा हीच गोष्ट बाटलीरावांनी स्वतःच्या अभ्यासातून काढल्यासारखी सांगितली. चहा देताना तिनं ती ऐकली. तेव्हा तिला हसू आलं होतं.

घर तीन खोल्यांचं. पुढची खोली, स्वयंपाकघर, आणि मागची उजेडाची खोली. मागची खोली लेकीची होती. लेक शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली, तिकडेच तिनं लग्न केलं. खोली रिकामी झाली त्याच महिन्यात बाटलीरावांनी सुताराला बोलावून चारही भिंतींना रॅक ठोकून घेतले. खिडकीला जाड पडदा आला, कारण उन्हानं रंग उडतो. लेकीची खाट विकली. प्रत्येक बाटलीपुढे त्यांच्या त्या छापील अक्षरातलं कार्ड उभं राहिलं.

पाच वर्षांनी लेक परत आली. हातात एक मोठी बॅग, कडेवर तीन वर्षांची पोर. नवऱ्याचं आणि तिचं फाटलं होतं. का फाटलं ते तिनं सांगितलं नाही, पण तिच्या मनगटावरची खूण आईनं पाहिली आणि तिला सगळं कळलं. लेक म्हणाली, सहा महिने राहू द्या, नोकरी इकडे बदलून मिळाली की मी माझं बघते.

बाटलीराव वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत, लग्नाबद्दल टोमणा मारला नाही. त्यांनी फक्त अडचण समजावून सांगितली. रॅक भिंतीत ठोकलेले आहेत. साडेतीनशे बाटल्या आहेत. इतका जुना कागद हलवाहलवीत टिकत नाही, आणि लहान मूल म्हटलं की हात लागणारच. पुढच्या खोलीत चार-आठ दिवस काढायला हरकत नाही, तोवर काहीतरी बघू. लेक मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, पडदा लावलेल्या अंधाराकडे पाहून परत आली. पोरीला दूध पाजलं. स्वतः चहा घेतला. दोन तासांनी म्हणाली की चारच्या गाडीनं निघते, मैत्रिणीकडे सोय होईल.

आई तिला स्टँडवर सोडायला गेली. वाटेत बॅग आळीपाळीनं दोघींनी धरली. मनात खूप काही होतं, पण गाडी सुटताना तिच्या तोंडून निघालं ते इतकंच: “पत्ता कळव.”

त्याला नऊ वर्षं झाली. लेकीनं पत्ता कळवला. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, तब्येत विचारायची, नातीचे मार्क सांगायची. घरी ती पुन्हा आली नाही.

मग बाटलीराव पडले. वरच्या फळीवरची धूळ झाडायला स्टुलावर चढले होते. स्टूल कलंडलं, बाटली वाचली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि तीन आठवडे तिथंच राहायला सांगितलं. बायको सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायची. त्यांना काळजी होती ती निराळीच. वाचनालयाच्या सभागृहात दोन महिन्यांनी त्यांच्या बाटल्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, आयुष्यातलं पहिलंच. चष्मेवाल्यांनी खटपट करून ठरवलं होतं. रोज ते विचारत, पडदा सरकवला नाहीस ना, खोलीत ओल नाही ना. ती ‘नाही’ म्हणायची.

आठव्या दिवशी सकाळी पट्टी बदलताना सिस्टरनं सहज विचारलं, मुलंबाळं काय?

“एक मुलगी आहे,” बाटलीराव म्हणाले. “पण तिला काही यावंसं वाटत नाही. आम्ही तर कधी दार लावून घेतलं नव्हतं.”

बायको डब्याचं झाकण उघडत होती. तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. नऊ वर्षांत त्यांनी ती दुपार मनातल्या मनात इतक्या वेळा इस्त्री करून घेतली होती की तिच्यावर एक सुरकुती उरली नव्हती. सिस्टर तिच्याकडे वळून म्हणाली, आजकालची मुलं अशीच हो. तिनं मान हलवली नाही. जेवण वाढलं, डबा धुतला आणि घरी आली.

घरी येताना दुकानातून तिनं धुण्याचा सोडा घेतला. दोन मोठ्या टबांत पाणी तापवून ओतलं, कोपर बुडवून पाहिलं. मग मागच्या खोलीचा पडदा सरकवून खिडकी उघडली, आणि डावीकडच्या खालच्या फळीपासून सुरुवात केली.

चार दिवस ती हे काम करत होती. डबा पोचवून यायची आणि पदर खोचून बसायची. जुना सरस वीस मिनिटांत सुटतो, खळ त्याआधीच. टबात सरसाचा तो ओळखीचा, थोडा नासका वास पसरला. लेबलं आपणहून सुटून वर यायची, हरणं, कणसं, पैलवान. सुटलेलं लेबल काचेवर पसरून सावलीत वाळवलं तर पुन्हा जसंच्या तसं चिकटवता येतं, हेही तिला ठाऊक होतं. शेडमधल्या एका बाईनं पोरांसाठी अशी पेटीभर लेबलं जमवली होती. तिनं एकही वाळवलं नाही. बादलीत लगदा साचत गेला.

बोटीची बाटली तिनं शेवटी घेतली. लेबल अखंड निघालं. ओल्या तळहातावर ते पसरून तिनं ती चूक पहिल्यांदाच जवळून पाहिली, धूर तिकडे आणि झेंडे इकडे. चांगली काढलेली बोट होती. तिनं मूठ मिटली.

नंतर प्रत्येक बाटली आतून ब्रशनं धुतली, उपडी करून निथळत ठेवली, कोरडी केली आणि आपापल्या कार्डामागे परत ठेवली. खोलीत इतका लखलखाट झाला की ती दारातच उभी राहिली. भीती नव्हती वाटत. आता नवरा घरी येईल, विचारेल, का केलंस? आणि मग ती सांगेल. नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं त्याला आता निघावंच लागेल, अशी तिनं व्यवस्था केली होती.

बाटलीराव घरी आले ते वॉकर घेऊन. तिसऱ्या दिवशी चष्मेवाले भेटायला आले, तेव्हा त्यांच्या आधारानं ते मागच्या खोलीपर्यंत गेले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. मग रडणं ऐकू आलं, म्हाताऱ्या माणसाचं, खोकल्यासारखं. चष्मेवाले बाहेर आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी तिला हळूच विचारलं, वहिनी, हे काय केलंत?

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बाटलीरावांचा आवाज आला.

“तिला काही बोलू नका. तिला काय कळतंय त्यातलं? मी घरी येणार म्हणून बिचारीनं स्वच्छ करून ठेवलं.”

“मला कळत होतं,” ती म्हणाली.

“असू दे,” ते म्हणाले. “मी रागावलो नाही.”

ती आत गेली आणि पुन्हा म्हणाली, मला सगळं कळत होतं, मी मुद्दाम केलं. त्यांनी तिचा हात धरून थोपटला. म्हणाले, दमली आहेस, दवाखान्याच्या खेपा घालून घालून जीव अर्धा झालाय तुझा, जा, पड जरा. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. खाली उतरताना त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की असा नवरा मिळायला नशीब लागतं. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. शेजारीण खास वर येऊन म्हणाली, आमच्या ह्यांची नुसती कपबशी फुटली तरी घर डोक्यावर घेतात हो.

प्रदर्शन रद्द होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. चष्मेवाल्यांनी सुचवलं की काचच मांडू. उजेडात ठेवल्यावर काचेतले बुडबुडे, उठवलेली अक्षरं, तपकिरी-हिरवे रंग, सगळं उठून दिसत होतं. आणि बाटल्या पाहायला जेवढी माणसं आली तेवढीच ती गोष्ट ऐकायलाही आली. बाटलीराव खुर्चीत बसून ती सांगायचे. तीस वर्षांची मेहनत, दवाखाना, आणि परत येऊन बघतो तर काय, सगळं चकाचक! इथे ते थांबायचे, लोक हसायचे, मग ते हळू आवाजात म्हणायचे, तिनं प्रेमानं केलं हो. बायका रुमाल काढायच्या. इतकी वर्षं छंदापायी वेडा ठरलेला माणूस तीन दिवसांत शहाणा, शांत, मोठ्या मनाचा झाला.

शेवटच्या दिवशी वर्तमानपत्राची एक मुलगी आली. तिनं वही उघडून बायकोलाच विचारलं, तुम्हाला काय वाटलं त्या वेळी?

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. ती नीट उभी राहिली.

“मी चौदा वर्षं बाटल्या धुण्याचंच काम केलंय,” ती म्हणाली. “कुठलं लेबल किती मिनिटांत सुटतं ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. मी ती चुकून नाही काढली. मला काढायचीच होती.”

मुलीचं पेन थांबलं. बाटलीराव वॉकरवर जोर देऊन उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, “अजून मनाला लावून घेतलंय तिनं. सगळा दोष स्वतःवर घेते.” आणि कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचा फोटो आला. वर मथळा होता: पत्नीची चूक, पतीचं मोठं मन.

त्या दुपारी तिनं लेकीला फोन केला. एरवी फोन लेकीचा यायचा. सगळं सांगितलं, दवाखान्यात ते काय म्हणाले इथपासून. बोटीचं लेबलही सांगितलं. आपण कुणासाठी केलं हे शब्दांत सांगितलं नाही, पण लेकीला ते कळावं अशा बेतानं सांगितलं.

“आई,” लेक म्हणाली, “तेव्हा तू एक रॅक हलवला असतास तरी मला पुरलं असतं.”

रागावलेला आवाज नव्हता. मग तिनं नातीच्या परीक्षेचं सांगितलं आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी ती बॅग भरून लेकीकडे गेली. बाटलीरावांना सांगितलं, किती दिवस ते माहीत नाही. लेकीनं दार उघडलं, बॅग घेतली, गरम पाणी काढून दिलं. कुठे काही कमी पडू दिलं नाही. बारा वर्षांच्या नातीनं आपली खाट आजीला दिली आणि खाली गादी घातली. पण त्या दोन खोल्यांत त्या दोघींचं एक चालू यंत्र होतं. कोण कधी उठतं, कोण कुठे अभ्यासाला बसतं, पुढचं वाक्य कोण पूर्ण करतं. आजी ज्या खुर्चीवर बसायची तीच नेमकी कुणाला तरी हवी असायची, आणि त्या ‘बस ना, बस’ म्हणायच्या. चौथ्या दिवशी तिनं विषय काढला, इकडेच राहिले तर? लेकीनं कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं की जागा कुठे आहे आई, तू पाहतेसच. आणि जागा खरंच नव्हती. सहाव्या दिवशी ती परत आली.

परत आली तर मोरीपाशी एक खोकं. बाटलीरावांचा छंद आता वळला होता. ज्याला ते ‘नुसती काच’ म्हणायचे तेच ते जमवायला लागले होते, आणि पाइपलाइनच्या चरातून निघालेल्या मातकट बाटल्या जुन्या खात्यातला माणूस आणून देऊन गेला होता. जेवताना ते म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे, तेवढ्या धुऊन टाक.

तिनं खोकं उचलून जिन्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकडून ते आत आणवलं. तिनं पुन्हा बाहेर ठेवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी ते आणवलं नाही. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसली होती. त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं,

“खरंच कळत होतं तुला?”

“हो.”

“बोटीचंसुद्धा?”

“ते सगळ्यात शेवटी काढलं. बराच वेळ हातात धरलं होतं.”

त्यांचा घास हातातच राहिला. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, लेक ज्या दारात उभी राहिली होती त्याच, आणि तिला वाटलं आता विचारतील. ते पाणी प्यायले, घास खाल्ला, ताक मागितलं. तिनं ताक वाढलं.

पुढच्या रविवारी चष्मेवाले एका नवीन पाहुण्याला घेऊन आले, बाहेरगावचे, त्यांनाही बाटल्यांचा नाद. मागची खोली पाहून झाली, पुढच्या खोलीत सगळे बसले. पाहुण्यांनी विचारलं, लेबलं एकाही बाटलीवर कशी नाहीत? चष्मेवाले हसले आणि म्हणाले, ती गोष्ट यांच्याच तोंडून ऐका.

बायको समोरच बसली होती. बाटलीरावांनी घसा साफ केला. दोन क्षण ते थांबले. मग त्यांनी सुरुवात केली, तीस वर्षांची मेहनत, दवाखाना, आणि परत येऊन बघतो तर काय, सगळं चकाचक. एक शब्द बदलला नाही. फक्त एरवी सांगताना ते बायकोकडे कौतुकानं बघायचे, ते या वेळी खिडकीकडे बघत सांगत होते.

एरवी या जागेवर ती उठून चहा टाकायला जायची. आज ती बसून राहिली. तिनं प्रेमानं केलं हो, असं बाटलीराव म्हणाले तेव्हा पाहुणे हसत हसत तिच्याकडे वळले. ती न हसता पाहुण्यांकडेच पाहत होती. पाहुण्यांनी हसू आवरतं घेतलं, घड्याळ पाहिलं आणि जाण्याचं काढलं.